गाडीच्या एसीचा गॅस सारखा कमी होतो. लीकेज नेमकं कुठे आहे हे शोधायचं कसं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. गाडी हॅचबॅक, आता बरीच जुनी झाली आहे. एसीत आर-१३४ए गॅस. गॅस भरून आणला की एसी उत्तम चालतो. काही महिने गेले की आधी गाडी सिग्नलला उभी असताना गार हवा येईनाशी होते, मग हायवेवरही तीच गत, आणि शेवटी कॉम्प्रेसरचा क्लच दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो. परत गॅस भरायचा, परत तेच.

वर्कशॉपमध्ये दर वेळी व्हॅक्यूम करतात, म्हणजे पंपाने आतली हवा काढून गेज बघतात. काटा जागचा हलत नाही. त्यावरून त्यांचं म्हणणं असं, की लीकेज नाही, गॅस वापराने हळूहळू संपतोच. आता मात्र ते म्हणताहेत की कूलिंग कॉइल बदलून बघू. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागणार. लीकेज तिथे आहे हे अजून कोणी दाखवलेलं नाही. न दाखवता एवढी खोलाखोल मला नको आहे. या कामातल्या जाणकारांनी सांगावं, शोध कुठून सुरू करायचा?

पाना१२

डॅशबोर्डला अजिबात हात लावू देऊ नका. माझं कामच हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एसीचा गॅस वापराने संपत नाही. तो बंद चक्रात फिरतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो हे खरं, पण ते प्रमाण वर्षाला थोडे ग्रॅम एवढंच. त्याने एसी बंद पडायला कित्येक वर्षं लागतात. काही महिन्यांत गार हवा जात असेल तर भोक आहे, आणि भोक आहे म्हणजे ते सापडतं.

दुसरी गोष्ट, पुढच्या वेळी नुसता टॉप-अप करू देऊ नका. रिकव्हरी मशीन लावून आतला गॅस पूर्ण काढायला सांगा आणि किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्या. बॉनेटखाली स्टिकरवर कंपनीने सांगितलेलं वजन असतं, लहान गाड्यांना साधारण ४०० ते ६०० ग्रॅम. त्यातून निघालेलं वजन वजा केलं की तोटा कळतो, आणि गेल्या वेळी वजनावर भरला असेल तर महिन्याला किती ग्रॅम जातात तेही कळतं. कुठली पद्धत वापरायची हे त्या आकड्यावर ठरतं. आठवड्यात रिकामी होणारी गाडी साबणाच्या पाण्याने पकडता येते. महिन्याला दहा-वीस ग्रॅम गमावणारी गाडी साबणाला दाद देत नाही.

गाडी बंद असताना गेज लावून 'प्रेशर बरोबर आहे, गॅस भरपूर आहे' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी उभ्या गाडीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. आर-१३४एचं २५ अंशांना सुमारे ५.६ बार, ३५ अंशांना सुमारे ७.९ बार. आत ५०० ग्रॅम असो की २०० ग्रॅम, काटा तिथेच दिसणार.

तिसरी गोष्ट, डोळे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपांमधून फिरत असतं. गॅस जिथून बाहेर पडतो तिथून तेलाचा अंशही येतो, त्यावर धूळ बसते आणि काळपट ओला डाग तयार होतो. चांगली टॉर्च आणि एक छोटा आरसा घ्या, इंजिन थंड असताना बघा:

- कंडेन्सरची (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या भागाची) पूर्ण जाळी, विशेषतः खालची कडा. तिथे चिखल-पाणी साचून अॅल्युमिनियम कुजतं. समोरून उडालेल्या खड्याचा घावही बघा.
- प्रत्येक जोड, जिथे पाइपच्या तोंडाशी ओ-रिंग (गोल रबरी सील) असते.
- होजची धातूच्या टोपीत दाबलेली टोकं. इथे बोट फिरवून बघा, डाग बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो.
- कॉम्प्रेसरच्या क्लचमागे आणि त्याच्या समोर बॉनेटला आतून. शाफ्ट सील गळत असेल तर फिरत्या क्लचने तेल गोल उडवलेलं असतं.
- गॅस भरायच्या दोन्ही पिन व्हॉल्व, टोप्या काढून.

तेल दिसलं म्हणजे लीकेज सिद्ध झालं असं नाही. वरून इंजिन ऑइलही टपकतं. जागा पुसा, कोरडी करा आणि मग तपासा.

उन्हाळी

पिन व्हॉल्वबद्दल अनुमोदन. आमच्या गाडीत तेवढंच निघालं होतं. टोपी काढून व्हॉल्वच्या तोंडात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडले, थोड्या वेळाने एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. आतली पिन बदलली, काम झालं. टोपीलाही रबरी सील असतं, ती नुसती धुळीसाठी नसते. टोपी हरवली असेल तर आधी ती आणा.

अनुस्वार

एक शंका. व्हॅक्यूम अर्धा तास टिकला तर सिस्टिम घट्टच असणार ना? हवा आत शिरत नाही तर गॅस बाहेर कसा जाईल? आमच्याकडे याच चाचणीवर विश्वास ठेवून काम करतात आणि बहुतेक गाड्या परत येत नाहीत.

द्रववायू

अनुस्वार, बहुतेक गाड्या परत येत नाहीत कारण बहुतेकांत तेव्हा काही भाग बदललेला असतो आणि मोठं भोक बुजलेलं असतं. मोठी गळती व्हॅक्यूमला दिसते. बारीक गळतीला ही चाचणी तीन कारणांनी कमी पडते.

पूर्ण व्हॅक्यूम केला तरी आत-बाहेरच्या दाबातला फरक एक बारच्या वर जाऊच शकत नाही, कारण बाहेर फक्त वातावरण आहे. गाडी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या भागात, १५ बार किंवा जास्त दाब असतो. म्हणजे चाचणी खऱ्या परिस्थितीच्या पंधराव्या हिश्शावर झाली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दाबाची दिशा उलटी असते. गॅसचा दाब होजला आतून बाहेर ढकलतो, व्हॅक्यूम तिला आत ओढतो. होजचं रबर आतल्या धातूच्या नळीवर आवळलं जातं आणि चालू गाडीत उघडणारी फट व्हॅक्यूममध्ये मिटते. ओ-रिंगच्या बाबतीतही हे होतं.

तिसरं, काटा थोडा वर आला तरी ते लीकेजच असेल असं नाही. आत ओल राहिली असेल तर कमी दाबात ती उकळून वाफ होते आणि काटा वर सरकतो. व्हॅक्यूम करायचा तो हवा आणि ओल काढण्यासाठी. त्या कामाला तो उत्तम आहे आणि गॅस भरण्याआधी हवाच.

अनुस्वार

दिशा उलटी असते हा मुद्दा पटला. एवढा विचार केला नव्हता. मग गॅस हुंगून वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरवर भरवसा ठेवता येतो का? आमच्याकडचा एक कशावरही वाजतो.

पाना१२

कशावरही वाजतो कारण बहुधा तो जुन्या पद्धतीचा असणार, किंवा टोकाचं फिल्टर तेलाने भिजलेलं. आर-१३४एसाठी घ्यायचा तर 'एसएई जे२७९१' हे मानक लिहिलेला बघा. त्यात वर्षाला ४, ७ आणि १४ ग्रॅम अशा तीन पातळ्यांवर गळती ओळखता यावी लागते. वर्षाला ४ ग्रॅम! साबणाला हे कधीच जमणार नाही.

पण यंत्र चांगलं असून माणूस घाई करत असेल तर उपयोग शून्य. आमच्याकडे नवीन मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो:

टोक जोडापासून ५ मिलीमीटरच्या आत ठेवा आणि सेकंदाला दोन-चार सेंटीमीटर एवढ्याच गतीने सरकवा. जोडाच्या सगळ्या बाजूंनी फिरवा आणि खालच्या बाजूला जास्त थांबा. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड आहे, तो खाली ओघळतो. वाजलं तर टोक बाजूला नेऊन मोकळ्या हवेत यंत्र शांत होऊ द्या आणि परत त्याच जागी या. परत वाजलं तरच ती जागा खरी. लीकेज एका ठिकाणी सापडलं म्हणून थांबू नका, शेवटपर्यंत जा. जुन्या गाडीत दोन असू शकतात.

इंजिन बंद, पंखे बंद, वाऱ्याचा झोत नको. बॉनेटखाली नुकतंच क्लीनर किंवा पेट्रोल लागलेलं नको. आणि सिस्टिममध्ये किमान साडेतीन बार दाब असलाच पाहिजे, नाहीतर बाहेर येणार काय? रिकामी गाडी डिटेक्टरने शोधणं म्हणजे वेळ घालवणं. हवामान १५ अंशांपेक्षा थंड असेल तरीही दाब पुरत नाही.

आता एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) आणि हाय साइड वेगवेगळ्या वेळी तपासा. गाडी चालू असताना लो साइडला जेमतेम २ बार असतात. बंद केल्यावर दोन्ही बाजू समान होतात आणि तिथे ५-६ बार येतात. म्हणून कूलिंग कॉइल आणि जाडा, गार राहणारा पाइप हे गाडी बंद करून थोडा वेळ थांबून तपासायचे. हाय साइडचं उलट आहे. एसी फुल चालवून कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा पाइप चांगला तापवायचा, इंजिन बंद करायचं आणि दाब उतरायच्या आत त्याच्या जोडांवर टोक न्यायचं. तापलेलं रबर आणि जास्त दाब, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय न गळणारे जोड असतात.

प्राजक्ता_म

कूलिंग कॉइलच गळतेय की नाही, हे डॅशबोर्ड न खोलता कळू शकतं का? निळीशाईंसारखाच सल्ला मलाही मिळाला आहे.

पाना१२

कळतं. ब्लोअर १५-२० सेकंद फुल चालवा म्हणजे डक्टमधली जुनी हवा निघून जाईल. मग ब्लोअर बंद करा, काचा बंद, दारं बंद, दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. कॉइल गळत असेल तर जड गॅस तिच्या डब्याच्या तळाशी साचतो. मग डिटेक्टरचं टोक ब्लोअरच्या रेझिस्टरच्या (त्याची गती ठरवणाऱ्या भागाच्या) भोकातून आत घाला, किंवा खाली पाणी टपकतं त्या ड्रेन नळीच्या तोंडाशी धरा. नळी ओली असेल तर टोक आत घालू नका, पाणी ओढलं की सेन्सर गेला. डॅशबोर्डवर मारायचं पॉलिश आणि गाडीतला परफ्यूम यांनीही यंत्र फसतं, त्यामुळे आधी दारं उघडी ठेवून गाडी हवेशीर करा.

ही चाचणी एकदा वाजली तर परत करा. दोन्ही वेळा वाजली तर मात्र कॉइलच. ब्लोअर लावल्यावर पहिल्या झोताला तेलकट, गोडसर वास येणं ही खूण काही गाड्यांत मिळते. नुसत्या वासावर डॅशबोर्ड उघडू नका.

सप्तरंगी

यूव्ही डाय कोणी सांगितला नाही. महिन्याला थोडाच गॅस जात असेल तर माझ्या मते तोच उत्तम. तेलात डाय मिसळतो, गाडी आठवडाभर नेहमीसारखी वापरायची, मग अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघायचं. गळतीच्या जागी पोपटी-पिवळी चमक दिसते. गाडी खड्ड्यांतून जाते, तापते, थंड होते, या सगळ्यात डाय आपलं काम करत राहतो. डिटेक्टर फक्त त्या क्षणी काय गळतंय ते सांगतो.

सांभाळायच्या गोष्टी: डाय बाटलीवर लिहिल्याएवढाच घाला, जास्त घातला तर कॉम्प्रेसरचं तेल पातळ होतं. गॅस भरताना डाय पिन व्हॉल्ववर सांडतोच, तो लगेच पुसा, नाहीतर नंतर तिथेच लीकेज आहे असं वाटेल. कूलंटही यूव्हीखाली चमकू शकतो, रेडिएटरजवळ फसू नका. कूलिंग कॉइलसाठी ड्रेनमधून टपकणाऱ्या पाण्यावर टॉर्च मारून बघा. आणि दुरुस्तीनंतर जुनी चमक क्लीनरने पूर्ण धुवा. तसं केलं नाही तर पुढच्या वेळी जुनी कोणती आणि नवी कोणती ते कळणार नाही.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काम दुसऱ्या गॅरेजमध्ये दिलं. आतला गॅस वजन करून काढला. स्टिकरवर ४५० ग्रॅम, निघाले २१० ग्रॅम. जोडांवर उघड दिसेल असं तेल नाही.

नंतर दाब उतरतो का ते बघायला त्यांनी कोरडा नायट्रोजन १० बारला भरून ठेवला. दुपारी भरला तेव्हा बॉनेटखाली ४० अंश होते. संध्याकाळी थंडावल्यावर काटा साडेनऊवर. तापमान तेव्हा २५. म्हणजे लीकेज पक्कं ना? पण साबणाने एकही बुडबुडा कुठे आला नाही. मला कळेना झालंय.

द्रववायू

थांबा, हा फरक तापमानाचाच आहे. बंद जागेतल्या वायूचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. गेजचे १० बार म्हणजे, बाहेरच्या हवेचा १ बार मिळवून, निरपेक्ष ११ बार. ४० अंश म्हणजे ३१३ केल्व्हिन, २५ अंश म्हणजे २९८ केल्व्हिन. ११ गुणिले २९८ भागिले ३१३ बरोबर सुमारे १०.५, त्यातून १ वजा केला की गेजवर ९.५. तुमचा काटा जिथे असायला हवा बरोबर तिथेच आहे.

पण याचा अर्थ लीकेज नाही असाही नाही, आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे. समजा महिन्याला ६० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम गॅस जातो. बाहेरच्या हवेत २ ग्रॅम आर-१३४ए अर्धा लिटरच्या आसपास जागा व्यापतो. नायट्रोजनही साधारण त्याच मापाने गळतो असं धरू. पाच तासांत साधारण ०.१ लिटर वायू बाहेर गेला. सगळ्या पाइपांची आणि डब्यांची आतली जागा मिळून २ लिटर धरली तर दाब फक्त ०.०५ बारने उतरला. गेजच्या काट्यावर तेवढा फरक वाचताच येत नाही. मोठ्या गळतीसाठी काही तास ठीक. तुमच्या प्रकारच्या गळतीसाठी नायट्रोजन रात्रभर तरी ठेवायला हवा, आणि दोन्ही वेळा तापमान लिहून घ्यायला हवं.

पाना१२

हिशोब बरोबर. २१० ग्रॅम निघाले, म्हणजे निम्म्याहून जास्त गेला. एवढं जाऊनही थंड, बंद गाडीत काही सापडत नाही. मला दाट संशय हाय साइडच्या रबरी होजवर आहे, आणि तोही गरम असतानाच. त्यांना सांगा, नायट्रोजन सोडून द्या, व्हॅक्यूम करा, ४५० ग्रॅम वजनावर भरा, एसी फुल ठेवून गाडी अर्धा तास पळवा आणि बंद केल्याबरोबर कॉम्प्रेसरकडून निघणाऱ्या होजच्या दोन्ही टोकांना डिटेक्टर लावा. टोक लावलेलं असताना होज हाताने किंचित वाकवा. पाइप खूप तापलेला असतो, हातमोजे आणि चष्मा हवाच.

नायट्रोजनबद्दल सगळ्यांसाठी: सिलिंडरवर रेग्युलेटर असल्याशिवाय हात लावू नका, आतला दाब शंभर बारच्या कितीतरी वर असतो. आणि नायट्रोजनच्या जागी गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच भरू नका. दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर तेलाशी आला की स्फोटच.

निळीशाई

सापडलं! कॉम्प्रेसरकडून निघणारी होज, कंडेन्सरकडच्या टोकाला जिथे रबर धातूच्या टोपीत दाबलेलं आहे तिथे. गाडी बंद केल्यावर लगेच डिटेक्टर वाजला, बाजूला नेला की शांत, परत नेला की परत वाजला, होज वाकवली की जोरात. तास-दीड तासाने सगळं थंड झाल्यावर त्याच जागी तो अगदी गप्प. टोपीच्या मागे, खालून आरसा धरल्यावर पातळ तेलाची कड दिसली. वरून काही दिसत नव्हतं.

कूलिंग कॉइलची चाचणीही करून घेतली, प्राजक्तांना सांगितली तशी. काही नाही.

पाना१२

छान झालं. आता होज पूर्ण बदला, टोपी परत दाबून घेण्याच्या फंदात पडू नका. दोन्ही टोकांना नव्या ओ-रिंग, त्याच मापाच्या आणि एसीसाठीच्या. बसवण्याआधी त्यांना एसीचंच तेल लावा. ग्रीस नको, टेफ्लॉन टेपही नको. होजबरोबर जेवढं तेल बाहेर गेलं तेवढंच परत घाला, गाडीच्या मॅन्युअलमध्ये भागाप्रमाणे मिलीलिटर दिलेले असतात. मग व्हॅक्यूम आणि वजनावर गॅस. भरून झाल्यावर नव्या जोडांवर त्याच पद्धतीने, गरम असताना, एकदा डिटेक्टर फिरवून घ्या.

उन्हाळी

बाटलीतून गॅसबरोबर घालायचं 'लीक सीलर' मिळतं. प्राजक्तांनी आधी ते करून बघावं का?

पाना१२

नाही. यातली काही सीलर ओल किंवा हवा लागली की घट्ट होतात. ती भोकाशी घट्ट होतात तशी आत ओल असेल तिथेही होतात, गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्वमध्येसुद्धा. रिकव्हरी मशीनमध्ये शिरली तर मशीन जातं, म्हणून अनेक गॅरेजवाले सीलर घातलेल्या गाडीला मशीन लावतच नाहीत. लीकेज शोधायच्या आधी सीलर घातलं तर पुढचा माणूस शोधणार कसा?

आणि कोणी एसीत स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रण भरून देतो म्हणाला तर गाडी तिथून बाहेर काढा. कॉइल फुटली तर तो गॅस माणसं बसलेल्या केबिनमध्ये येतो.

अनुस्वार

आमच्याकडचे एक वयस्कर मेकॅनिक ज्योतीच्या दिव्याने लीकेज शोधायचे, ज्योत हिरवी व्हायची म्हणतात. ते आता चालतं का?

द्रववायू

नाही. ती हॅलाइड टॉर्च. ज्योतीचा रंग गॅसमधल्या क्लोरीनमुळे बदलायचा, आणि क्लोरीन जुन्या आर-१२मध्ये होता. ओझोनच्या थराला तोच मारक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ हळूहळू गेला आणि १९९०च्या दशकात गाड्यांत आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, ज्योत काहीच सांगत नाही. उलट जळलेल्या गॅसमधून विषारी वाफा येतात.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १ किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी तापमानवाढ करतो. म्हणूनच जुना गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घ्या, असं वारंवार सांगतो.

प्राजक्ता_म

माझी गाडी नवीन आहे, स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलंय आणि ती हायब्रिड आहे. वरचं सगळं तिलाही लागू का?

पाना१२

शोधायची पद्धत तीच, साधनं वेगळी. या गॅसचे सर्व्हिस पोर्ट मुद्दाम वेगळ्या मापाचे आहेत, म्हणजे चुकून दुसरा गॅस भरला जाऊ नये. डिटेक्टर 'जे२९१३' प्रमाणाचा हवा, काही यंत्रं दोन्ही गॅस ओळखतात. हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे काम मोकळ्या हवेशीर जागी, ठिणगी-सिगारेट दूर.

हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर बहुधा विजेवर चालतो आणि त्याची मोटर तेलातच बुडालेली असते. अशा कॉम्प्रेसरला वीज न वाहणारं तेल लागतं, बहुतेकांत पीओई. साध्या गाडीचं पीएजी तेल थोडंही मिसळलं तर इन्सुलेशन उतरतं आणि गाडी हाय व्होल्टेजचा फॉल्ट दाखवून बंद पडू शकते. म्हणून डाय घालणार असाल तर तो त्या तेलाला चालणारा आहे हे बाटलीवर वाचून घ्या, आणि गॅरेजच्या मशीनच्या होज आधी फ्लश करायला सांगा. त्यात आधीच्या गाडीचं तेल राहिलेलं असतं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल दिसतील तिथे प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात घालायचा नाही. तुमच्या गाडीत मी आधी डिटेक्टरनेच शोधायला सांगेन, डाय अगदी शेवटी.

प्राजक्ता_म

होजमधल्या जुन्या तेलाबद्दल कोणीच बोललं नव्हतं. उद्या गाडी देताना फ्लश आणि वजन, दोन्ही समोर उभं राहून करून घेते. किती ग्रॅम निघाले ते इथेच लिहीन.